तिकडचं बटण

संडास तुंबलाय, असं सरळ सांगणारा माणूस मिस्त्रीला छत्तीस वर्षांच्या धंद्यात फार तर वीस-पंचवीस वेळा भेटला असेल. बाकी सगळे आडून बोलणारे. समोरासमोर निदान हाताने दिशा दाखवता येते, फोनवर तीही सोय नाही. त्यामुळे फोनवर लोकांची जीभ अशी जड व्हायची की ऐकणाऱ्याला वाटावं, घरात कुणीतरी अत्यवस्थ आहे. आमच्या इथलं पाणी जात नाहीये, जरा येऊन जाता का, म्हणायचे. कुठलं पाणी, कुठून जात नाही, असं विचारलं की पलीकडे घसा खाकरला जायचा. नवरा बायकोच्या हातात फोन द्यायचा, बायको सासूच्या हातात, आणि सासूबाई म्हणायच्या, अहो, तुम्ही आलात की कळेलच.

आला की कळायचंच. पण कुठली हत्यारं घेऊन यायचं ते आधी कळलं असतं तर दोन फेऱ्या वाचल्या असत्या.

यावर इलाज काढला तो त्याच्या बायकोने. घरात फोन आला त्या दिवशी तिने स्वयंपाकघरातल्या खिडकीशी स्टूल मांडलं, एक लांबट वही आणली आणि जाहीर केलं की यापुढे फोन ती घेणार. तिच्यापाशी बायका मोकळ्या व्हायच्या आणि पुरुष निदान वाक्य पुरं करायचे. तिची लिहायची रीत वेगळी होती. समोरचा जे म्हणेल ते ती शब्दाला शब्द उतरवून घ्यायची. 'दोन नंबरचं मागे येतं म्हणाले.' 'पायखान्याच्या दाराखालून ओल.' 'वॉशरूममध्ये वास, प्लीज आजच.' 'लॅट्रिनची साखळी हातात आली, साहेब फार चिडलेत.' खाली पत्ता. नेहमीचं घर असेल तर पत्त्याच्या जागी फक्त 'ओळखीचे'. काम झालं की मिस्त्री संध्याकाळी हातपाय धुऊन त्या ओळीपुढे लाल पेन्सिलीने बरोबरची खूण करायचा. ती खूण केल्याशिवाय ती त्याला जेवायला वाढायची नाही, असं तो लोकांना सांगायचा. ते खोटं होतं, पण सांगायला त्याला आवडायचं.

सुरुवातीला त्याने कुरकुर केली होती. गळती की चोकअप, एवढं लिहिलं तरी पुरे, हे पुराण कशाला? त्यावर ती म्हणाली होती, "माणूस त्या जागेला काय म्हणतो ते कळलं की घर कळतं."

आणि खरंच कळायचं. 'संडास' म्हणणाऱ्यांकडे चहा मिळायचा. 'वॉशरूम'वाले चपला जिन्यातच काढायला लावायचे. 'शौचालय' म्हणणारा हमखास कुठल्यातरी कचेरीतला असायचा आणि कामाचं पत्र लिहून मागायचा. 'बाथरूम' म्हणणाऱ्यांचं काही खरं नसायचं, कारण त्यांच्या बाथरूममध्ये आंघोळीच्या बादलीपासून सगळंच यायचं. आणि 'तिकडे' म्हणणाऱ्या बायका, जुन्या वळणाच्या, तो आत काम करत असेपर्यंत दाराकडे पाठ करून उभ्या राहायच्या. गुन्हा त्यांनीच केला आहे अशा चेहऱ्याने.

सकाळच्या चहाबरोबर ती आदल्या दिवशीचे फोन त्याला वाचून दाखवायची, आणि तेही ज्याच्या त्याच्या आवाजात. चिडलेला साहेब ती असा काही करायची की चहा नाकातून यायचा. मिस्त्रीचा सगळा दिवस दुसऱ्यांच्या घाणीत जायचा. पण तो दिवस सुरू व्हायचा हसून. असे किती कामकरी असतील, असं त्याला तेव्हा कधी वाटलं नाही. आता वाटायचं.

तिला जाऊन चौदा महिने झाले होते. स्टूल खिडकीशीच होतं. फोन आता मिस्त्री स्वतः घ्यायचा आणि कागदाच्या चिठोऱ्यावर 'चौथा मजला, गळती' असं लिहून खिशात टाकायचा. लोक काय म्हणाले ते तो ऐकायचा, पण लिहायचा नाही. कुणाला वाचून दाखवायचं?

गुडघे बोलायला लागले तसा लेकीने निर्णय घेतला. ती दुसऱ्या शहरात राहायची, नवरा-बायको दोघंही नोकरीवाले, घरात एक खोली रिकामी होती. महिनाअखेरीला बाबांनी भाड्याचं घर सोडायचं, फोन बंद करायचा आणि तिच्याकडे यायचं. मिस्त्रीने महिनाभर टंगळमंगळ केली आणि मग हो म्हटलं. शनिवारी लेक येणार, रविवारी टेम्पो. त्याच्या आठवडाभर आधीच्या शुक्रवारी तिने फोनवर बजावलं की निदान रद्दी तरी काढून ठेवा.

रद्दी म्हणजे पलंगाखालच्या एकतीस वह्या. त्याने त्या ओढून काढल्या आणि रद्दी बांधायच्या ऐवजी जमिनीवर मांडी ठोकून वाचत बसला. ओळीमागून ओळ, आणि प्रत्येक ओळीपुढे त्याची लाल खूण. दुपार सरली, चहा गार झाला, तो चिडलेल्या साहेबाच्या साखळीपाशी एकटाच हसला आणि मग शेवटची वही उघडली.

शेवटच्या वहीतलं अक्षर निम्म्यापासून बदललं होतं. आजार अंगात शिरला होता, पेन नीट धरवत नव्हतं. त्या दिवसांत तिने सकाळी वाचून दाखवणंही सोडलं होतं. वही नुसती त्याच्या कपाजवळ ठेवायची. तो दवाखाना आणि धंदा यांत पळत असायचा, पानावरून नजर फिरवून जळतं काम तेवढं उचलायचा. तरीही खुणा सगळ्या जागच्या जागी होत्या. शेवटून दुसऱ्या पानावर एक ओळ सोडून.

'तिकडचं बटण अडकतं. मागे दोनदा सांगितलं होतं म्हणाल्या. घाई नाही. ओळखीचे.'

पुढे खूण नव्हती. तारीख होती तिला दवाखान्यात भरती करायच्या तीन आठवडे आधीची.

मिस्त्रीला ओळ आठवली. वाचलेली होती. 'घाई नाही' दिसलं आणि त्याने ती तळाशी सारली, हेही आठवलं. तळाशी सारली ती तिथेच राहिली. म्हणजे कुणीतरी बाई, ओळखीची, दोनदा सांगून, तिसऱ्यांदा फोन करून, वर 'घाई नाही' म्हणण्याइतकी भली, चौदा महिने अडकलेलं बटण घेऊन बसली होती. फ्लशचं बटण खाली अडकलं की टाकी भरतच नाही, पाणी नुसतं वाहत राहतं. काम दहा मिनिटांचं. वरचं झाकण काढायचं, क्षार खरवडायचे, स्प्रिंग बदलायची.

पण हे त्या बाईपुरतं नव्हतं, हे त्याचं त्याला कळत होतं. ही तिच्या हातची शेवटची कामं होती आणि त्यातलं एक त्याने केलं नव्हतं. तिने लिहायचं आणि त्याने खूण करायची, असा इतक्या वर्षांचा संसार. तो अर्धवट टाकून लेकीच्या घरी जाऊन बसणं त्याला जमणार नव्हतं. त्याने वह्या पुन्हा पलंगाखाली सारल्या, शेवटची तेवढी पिशवीत घातली. हातात आठ दिवस होते.

नेहमीच्या घरांपैकी 'तिकडे' म्हणणाऱ्या बायका त्याने बोटांवर मोजल्या. तीन भरल्या.

पहिली कोपऱ्यावरची शिंपीणबाई. तिच्या दुकानामागेच घर. मिस्त्रीने पिशवी खाली ठेवून आपलं चौदा महिने उशिरा आल्याचं पालुपद सुरू केलं, तर ती मशीन थांबवून बघतच राहिली. तिकडचं सगळं ठीक आहे, म्हणाली, तुम्हीच तर नवीन टाकी बसवून गेलात. तरी त्याने बघून घेतलं. बटण दाबलं की टुणकन वर येत होतं. शिंपीणबाई सवयीने दाराकडे पाठ करून उभी होती, आणि तशीच पाठमोरी बोलायला लागली. तुमच्या बायकोचा फोन असा लागला की माझे दोन ब्लाउज मागे पडायचे, म्हणाली. एकदा तिने विचारलं होतं, तुमच्या आईच्या घरी काय म्हणायचे? मी सांगितलं, आई 'परसाकडे' म्हणायची, आणि आमच्या घराला परस नव्हतंच, तिसरा मजला होता. त्यावर कितीतरी वेळ आम्ही दोघी हसत होतो.

मिस्त्री बाहेर आला तेव्हा शिंपीणबाईने डोळे टिपले होते. त्याने न बघितल्यासारखं केलं.

दुसरं घर मास्तरांचं. मास्तर स्वतः 'बहिर्दिशा' म्हणणारे, नखशिखांत सज्जन. त्यांना ऐकू कमी यायचं, म्हणून फोन त्यांची बायको करायची, आणि ती 'तिकडे' म्हणायची. मास्तरांनी दार उघडलं आणि मिस्त्रीला चहाच्या आधीच कळलं की बाई आता नाहीत. घराला कळा असते, ती गेली होती. टेबलावर एकच कप होता आणि तो विसळलेला नव्हता.

न्हाणीघराला लागूनच संडास होता, मिस्त्रीने आत जाऊन बघितलं. बटण ठीक होतं. मास्तर म्हणाले की त्यांना अजून एक खोड आहे. आत जाण्यापूर्वी ते दारावर टकटक करतात. घरात दुसरं कुणी नाही, हे माहीत असून. त्यांना ऐकू येत नाही म्हणून आतून ती नेहमी बादली वाजवायची. "कान असे झालेत," मास्तर म्हणाले, "की ती वाजवत असली तरी मला कळायचं नाही. म्हणून मी थोडा थांबतो."

 मिस्त्रीने न्हाणीघराचा ठिबकणारा नळ विचारल्याशिवायच घट्ट केला आणि निघाला.

तिसरं घर बोटीवरच्या आचाऱ्याचं. माणूस चाळीस वर्षं मालवाहू बोटींवर स्वयंपाक करून आता विधवा बहिणीकडे राहत होता. बहीण 'तिकडे'वाली. आचारी मात्र कशालाच न लाजणारा, जगातल्या सगळ्या बंदरांतल्या सगळ्या गोष्टी मोठ्याने सांगणारा. बहिणीने सांगितलं की बटणाची तक्रार तिची नव्हे. तिचा चेहरा बघून मिस्त्रीला पटलं. मग मात्र त्याचं अवसान गेलं. तो आचाऱ्यासमोर खुर्चीत बसला आणि पिशवीतून वही काढून ती ओळ दाखवली.

आचाऱ्याने ओळ वाचली, मान हलवली आणि वही उलटी करून मागची पानं उघडली. "हे बघितलंस का?" म्हणाला. "हे माझं आहे."

मिस्त्रीने मागची पानं कधी बघितलीच नव्हती. तिथे तिच्या अक्षरात, आजारापूर्वीच्या ठसठशीत अक्षरात, एक यादी होती. आचारी बहिणीचा नळ सांगायला फोन करायचा आणि मिस्त्रीची बायको त्याला सोडायची नाही. कुठल्या देशात काय म्हणतात, सांगा. तो सांगायचा, ती लिहायची, आणि वहीच्या मागच्या पानावर लिहितेय हेही त्याला सांगायची. एका देशात 'हात धुवायची जागा'. एका देशात 'आरामाची खोली', जिथे कुणी आराम करत नाही. एका देशात 'शांत जागा', एकीकडे नुसता 'छोटा कोपरा'. एका बंदरात बायका नाकाला पावडर लावायला उठतात आणि पुरुष एका माणसाला घोड्याबद्दल भेटायला जातात. बोटीवर त्या जागेला 'डोकं' म्हणायचे, कारण पूर्वी ती बोटीच्या तोंडाशी असायची. आणि एका थंड देशात म्हणतात, 'राजासुद्धा जिथे पायी जातो ती जागा'. याच्यापुढे तिने दोन रेघा मारल्या होत्या.

"या राजावर वहिनी इतक्या हसल्या होत्या की मला वाटलं फोन कट झाला," आचारी म्हणाला. "एवढं जग फिरलो. सरळ नाव घेणारा कुणी भेटला नाही. मी त्यांना विचारलं, तुमच्याकडे काय म्हणता? तर म्हणाल्या, आमच्याकडे नाव नाही. मी नुसतं 'आलेच' म्हणते आणि जाते."

यादीच्या तळाशी ते होतं. 'आमच्याकडे: आलेच.'

मिस्त्रीने वही मिटली. हे त्याला माहीतच होतं, म्हणजे इतकं माहीत होतं की शब्द म्हणून ते कधी ऐकलंच नव्हतं. जेवताना, टीव्ही बघताना, प्रवासाला निघायच्या ऐन वेळी, तो चपला घालून दारात ताटकळत असताना, ती 'आलेच हं' म्हणायची आणि आत जायची. दिवसातून पाच-सहा वेळा तरी. आणि यायची. दवाखान्यातसुद्धा, ऑपरेशनला नेताना, ढकलगाडीवर आडवी पडलेली, अंगात हिरवा झगा, ती त्या दाराशी पोचल्यावर मान वळवून त्याच्याकडे बघत राहिली. मग शाळेतल्या पोरींसारखी करंगळी वर केली आणि म्हणाली, "आलेच."

तो हसला होता. त्या दाराबाहेर तो एकटाच माणूस असेल हसणारा. दार बंद झालं तेव्हाही तो हसतच होता. मग सहा तास झाले आणि ती आली नाही.

आचाऱ्याच्या बहिणीने पाणी आणून दिलं. मिस्त्रीने ते प्यायलं आणि त्या परक्या घरात, दोघांसमोर, तोंडावर रुमाल धरून रडला. आचारी गप्प बसला. एवढा बोलणारा माणूस गप्प बसू शकतो, हे त्याच्या बहिणीलाही नवीन होतं.

त्यानंतरचे चार दिवस मिस्त्रीने वेड्यासारखे काढले. 'तिकडे' न म्हणणाऱ्यांकडेही गेला. दाताच्या डॉक्टरीणबाईंकडे गेला, लॉजच्या मालकिणीकडे गेला, जिथे एका बिऱ्हाडात त्याने वीस वर्षांपूर्वी फक्त एक वॉशर बदलला होता तिथेही गेला. तिथे तर आता तिसरंच कुटुंब राहत होतं आणि त्यांनी त्याला पाण्याच्या खात्यातला समजून पाणी पुरत नसल्याची तक्रार ऐकवली. लोकांनी चहा दिला, तिच्या आठवणी सांगितल्या, चांगली चालणारी बटणं दाबून दाखवली. अडकलेलं बटण कुणाकडेच नव्हतं. सगळ्या वस्तीचे फ्लश एवढे ठणठणीत असल्याचं दुःख झालेला तो पहिलाच प्लंबर असेल.

शुक्रवारी संध्याकाळी त्याने हात टेकले. कदाचित ती बाई घर सोडून गेली असेल. कदाचित दुसऱ्या कुणाकडून करून घेतलं असेल. कदाचित मास्तरीणबाईच असतील आणि वाट बघून गेल्या असतील. या शेवटच्या शक्यतेपाशी त्याला झोपेने गाठलं.

शनिवारी सकाळी लेक आली. आल्या आल्या तिने पदर खोचल्यासारखा दुपट्टा कमरेला बांधला आणि भांडी खोक्यात भरायला घेतली. मिस्त्रीने तिला बटणाचा सगळा किस्सा सांगितला. तिने ऐकला, पण वर्तमानपत्रात कप गुंडाळता गुंडाळता ऐकला. बाबा, झालं ते झालं, म्हणाली, आई असती तर तीच म्हणाली असती की सोडून द्या. आणि हात धुवायला म्हणून आत गेली.

मिस्त्री वही मांडीवर घेऊन खिडकीशी बसला होता. स्टुलावर, तिच्या जागी. आतून पाण्याचा आवाज आला. आला तो थांबेना. टाकीतून पाणी वाहत राहिलं होतं.

"बाबा," लेक आतून ओरडली, "तिकडचं बटण अडकलंय."

"नखाने उचल," मिस्त्री म्हणाला. "दाबलं की लगेच डाव्या बाजूने नखाने उचलायचं."

बोलला आणि आपलंच बोलणं त्याच्या कानावर पडलं.

त्याने उजव्या हाताचं बोट वर धरून बघितलं. मधल्या बोटाचं नख एका बाजूने झिजलेलं होतं. बटण दाबायचं आणि डावीकडून उचलायचं, हे त्याचा हात किती वर्षं करत होता? दोन? तीन? हाताने त्याला कधी कळूच दिलं नव्हतं. दुसऱ्याच्या घरात दारातूनच आवाज ऐकून काय बिघडलंय ते सांगणारा माणूस तो. स्वतःच्या घरात रोज चार वेळा बिघडलेलं बटण उचलत होता आणि त्याच्या दृष्टीने ते चालू होतं.

लेक ओले हात झटकत बाहेर आली आणि त्याचा चेहरा बघून थांबली.

"तुझी आई तुझ्याशी बोलताना काय म्हणायची?" त्याने विचारलं. "त्या जागेला?"

लेकीला प्रश्न चमत्कारिक वाटला. "तिकडे," ती म्हणाली. "बायकाबायकांत आम्ही तिकडेच म्हणतो. का?"

त्याने वही तिच्यापुढे धरली. लेकीने ओळ एकदा वाचली आणि खाली बसली. 'म्हणाल्या' या शब्दावर तिचं बोट थांबलं होतं.

दोनदा सांगितलं होतं. मिस्त्रीने खूप ताण दिला तेव्हा त्यातलं एकदाचं आठवलं. तो मोठ्या पान्याची पिशवी खांद्याला लावून दारात होता, कुणाकडे तरी जळतं काम होतं. ती मागून म्हणाली, आपल्या इथलंही बघा एकदा. तो 'बघतो' म्हणाला. कुणालाही म्हणतो तसं. दुसऱ्यांदा कधी सांगितलं ते आठवलंच नाही. म्हणजे बायको म्हणून दोनदा सांगून झालं आणि मग तिने ताडलं की या माणसाकडून काम करून घ्यायचं तर गिऱ्हाईक व्हावं लागतं. स्टुलावर बसली, धरवत नसलेलं पेन धरलं आणि रीतसर रांगेत नंबर लावला. वर, सगळ्या गिऱ्हाइकांत एकटीनेच लिहिलं, घाई नाही.

लेक म्हणाली, आता राहू दे, उद्या घर सोडायचंच आहे, नवीन भाडेकरू बघून घेतील. मिस्त्री उठला. खोक्यात भरलेली हत्यारांची पिशवी त्याने पुन्हा सोडली. आणि दुसऱ्याच्या घरी जातो तसा दाराबाहेर चपला काढून आत गेला.

टाकीला पाणी सोडणारा अँगल कॉक बंद केला. टाकीचं झाकण उचलून भिंतीला टेकवलं. बटणाच्या दांडीवर पांढरट क्षार धरले होते, अपेक्षेप्रमाणे. स्प्रिंग मेलेली होती, अपेक्षेप्रमाणे. पण दांडीला काहीतरी गुंडाळलेलं होतं. त्याने चष्मा पुसून पुन्हा बघितलं. निळं रबर होतं, केसांना लावायचं. तीन वेढे देऊन दांडी वर ओढून धरलेली, दुसरं टोक टाकीच्या आतल्या खाचेत अडकवलेलं. वेढ्यात दोन पांढरे केस होते.

म्हणजे तिने स्वतः झाकण उचललं होतं. त्या तब्येतीत, ते जड झाकण. गिऱ्हाइकांनी केलेले असले जुगाड सापडले की मिस्त्री घर डोक्यावर घ्यायचा, मिस्त्रीला बोलवायला काय होतं म्हणून. चौदा महिने हेच रबर त्याचं बटण निम्मं तरी वर आणत होतं. उरलेलं निम्मं त्याचं नख.

लेक दारात येऊन उभी राहिली होती. आत बघायला नको म्हणून तिने पाठ केलेली होती. तिला पाठमोरीच ठेवून मिस्त्रीने वेढे एकेक करून सोडवले. रबर इतकं जुनं झालं होतं की शेवटच्या वेढ्याला तुटलं. ते त्याने शर्टाच्या खिशात घातलं. क्षार खरवडले, नवी स्प्रिंग बसवली, वॉशरही बदलून टाकला, मग झाकण लावून कॉक सोडला. टाकी भरायला दीड मिनिट लागतं. ते दीड मिनिट तो उभा राहिला.

बाहेर येऊन त्याने साबणाने हातपाय धुतले. लाल पेन्सिल शोधायला दोन खोकी उचकावी लागली. स्टुलावर बसून त्याने त्या ओळीपुढे बरोबरची खूण केली, नेहमीपेक्षा जरा मोठी. लेकीने वही कुठल्या खोक्यात टाकू म्हणून विचारलं. त्याने ती मांडीवरच ठेवली.

रविवारी टेम्पो आला. सामान चढलं, किल्ली घेणारा माणूस आला, लेक खाली जाऊन हाका मारायला लागली. मिस्त्री रिकाम्या घरात चपला घालून उभा होता. "आलोच," तो म्हणाला आणि आत गेला.

पाठीमागे हात नेऊन त्याने बटण दाबलं. पाणी पडलं, थांबलं, टाकी भरायला लागली. बटण आपसूक वर आलेलं होतं. आणि त्याचं बोट डावीकडून त्याच्याखाली नख घालायला धडपडत होतं, खालून तिसऱ्यांदा हाक येईपर्यंत.